किल्ल्या किती आणि हात किती

मार्च २०१३ मध्ये काही तास जगात दोन बिटकॉइन होते. बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरची ०.८ ही नवी आवृत्ती नुकतीच आली होती आणि मायनिंगची, म्हणजे व्यवहारांचे नवे ब्लॉक बनवणाऱ्या संगणकांची, बहुतांश ताकद तिच्यावर गेली होती, बाकीचे ०.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवरच होते. ११ मार्चला २,२५,४३० क्रमांकाचा ब्लॉक आला. तो नेहमीपेक्षा मोठा होता. जुन्या आवृत्तीतल्या डेटाबेसला एका वेळी जेवढ्या नोंदी हाताळता येत, तेवढ्यात तो मावेना, म्हणून जुन्या संगणकांनी तो नाकारला आणि नव्यांनी स्वीकारला. कुणी हल्ला केला नव्हता, कुणी नियम बदलला नव्हता. तरीही त्या क्षणापासून एकाच चलनाच्या दोन खातेवह्या, म्हणजे ब्लॉकच्या दोन साखळ्या, वेगवेगळ्या वाढू लागल्या.

नियमानं पाहिलं तर जिच्यामागे जास्त ताकद ती साखळी खरी, म्हणजे नवी. पण तसं होऊ दिलं असतं तर जुन्या आवृत्तीवरचे सगळे व्यापारी, एक्स्चेंज आणि सामान्य वापरकर्ते टाकून दिलेल्या साखळीवर अडकले असते. विकासक आणि मोठ्या मायनिंग पूलचे, म्हणजे मायनरांच्या एकत्रित गटांचे, चालक चॅटरूममध्ये जमले. जुनी साखळी नव्या सॉफ्टवेअरलाही मान्य होती, नवी मात्र जुन्याला मान्य नव्हती. म्हणून मागे फिरायचं ठरलं. बीटीसी गिल्ड या मोठ्या पूलच्या चालकानं आपली यंत्रं मुद्दाम जुन्या आवृत्तीवर आणली. त्यात पदरमोड होती. नव्या साखळीवरचे २४ ब्लॉक रद्द झाले आणि तेव्हा प्रत्येक ब्लॉकमागे २५ बिटकॉइनचं बक्षीस असे. दरम्यान एकानं ओकेपे या पेमेंट कंपनीकडे सुमारे १०,००० डॉलरचे बिटकॉइन एका साखळीवर भरले आणि तेच नाणं दुसऱ्या साखळीवर पुन्हा खर्च करून दाखवलं. त्यानं ते पैसे लाटण्यासाठी केलं नव्हतं. असं घडू शकतं का, हे त्याला पाहायचं होतं. ते घडलं. एकच पैसा दोनदा खर्च होणार नाही, या एका आश्वासनावर हे चलन उभं आहे.

केंद्र नसलेलं जाळं त्या रात्री मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी वाचवलं. यावरून विकेंद्रीकरण हे सगळं थोतांडच, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो उथळ वाटतो. त्या माणसांनी जे केलं ते उघड्यावर केलं, स्वतःचं नुकसान सोसून केलं, आणि ज्याला पटलं नसतं त्याला नव्या साखळीवर राहण्याची मुभा होती. मात्र दुसऱ्या बाजूचा भाबडेपणाही तितकाच घातक आहे. एखादं जाळं ‘विकेंद्रित आहे’ असं सरसकट म्हणून चालत नाही. नियम कोण ठरवतो, ब्लॉक कोण बनवतो, सॉफ्टवेअर कोण लिहितो, संगणक कुणाच्या इमारतीत आहेत, किंमत कोण कळवतो, किल्ल्या कुणाच्या हाती आहेत, यांतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं येतं. यातल्या ज्या थरात सर्वांत कमी हात असतात, तिथे सगळी जोखीम जाऊन साचते. गेल्या पंधरा-सोळा वर्षांतल्या मोठ्या अपघातांकडे याच नजरेनं पाहावं, असं मला वाटतं.

मोजमापाचे प्रयत्न झाले आहेत. बालाजी श्रीनिवासन आणि लेलंड ली यांनी २०१७ मध्ये ‘नाकामोटो गुणांक’ मांडला: जाळ्याचा एखादा भाग ताब्यात घ्यायला कमीत कमी किती जणांनी संगनमत करावं लागेल, तो आकडा. सर्वांत कमकुवत भागाचा आकडा तोच साऱ्या जाळ्याचा आकडा. कल्पना उत्तम आहे. तिची मर्यादा अशी की ती नावं मोजते. ती नावं एकाच गोष्टीवर विसंबलेली आहेत का, हे तिला दिसत नाही.

मायनिंगचा थर सर्वांत जास्त चर्चिला गेलेला. सातोशी नाकामोटो या नावानं ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यातली सुरक्षिततेची सारी मांडणी बहुसंख्य संगणकीय ताकद प्रामाणिक असेल या गृहीतावर आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या इत्तय एयाल आणि एमिन ग्युन सिरर यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की सापडलेले ब्लॉक लगेच जाहीर न करता राखून ठेवणारा गट निम्म्याहून बऱ्याच कमी ताकदीवरही इतरांवर कुरघोडी करू शकतो. पुढच्याच वर्षी जूनमध्ये जीहॅश या पूलचा वाटा काही काळ ५० टक्क्यांच्या वर गेला. मायनर स्वतःहून तिथून बाहेर पडू लागले आणि पूलनंही मर्यादा पाळण्याचं कबूल केलं. बिटकॉइनवर अजून बहुमताच्या जोरावरचा हल्ला यशस्वी झालेला नाही. लहान जाळ्यांची गोष्ट वेगळी. बिटकॉइन गोल्डवर मे २०१८ मध्ये, इथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ मध्ये आणि ऑगस्ट २०२० मध्ये तर एकाच महिन्यात लागोपाठ बहुमताचे हल्ले झाले. मायनिंगची ताकद भाड्यानं मिळते, आणि लहान जाळं उलथवण्याइतकी ताकद काही तासांपुरती भाड्यानं घेणं परवडतं. ‘ब्लॉकचेन बदलता येत नाही’ हे वाक्य म्हणून नुसतं उच्चारू नये; कुठली ब्लॉकचेन आणि ती बदलायला किती खर्च येईल, हे लगेच विचारावं.

विकेंद्रीकरण खरंखुरं कामाला आलं, असं मी ठामपणे म्हणेन ते २०२१ च्या उन्हाळ्यात. चीनमध्ये तोवर जगातलं सर्वाधिक मायनिंग होत असे. मे आणि जूनमध्ये तिथल्या सरकारनं ते बंद पाडलं आणि जाळ्याची जवळजवळ निम्मी ताकद काही आठवड्यांत नाहीशी झाली. ब्लॉक उशिरा येऊ लागले, पण येत राहिले. ब्लॉक बनवण्यासाठी मायनरांना जे कोडं सोडवावं लागतं, त्याची काठिण्यपातळी दर २,०१६ ब्लॉकनंतर आपोआप बदलते. ३ जुलैला ती सुमारे २८ टक्क्यांनी उतरली, ही आजवरची सर्वांत मोठी घट. यंत्रं कंटेनरमध्ये भरून अमेरिका, कझाकस्तानकडे निघाली. एका महासत्तेनं अर्धं जाळं कापलं, आणि ते पुन्हा चालतं करायला कुणाला बैठक घ्यावी लागली नाही.

सॉफ्टवेअरच्या थराकडे मात्र फार थोडे लोक पाहतात. माझ्या मते खरा धडा तिथे आहे. हजारो संगणक एकच प्रोग्राम चालवत असतील, तर त्या प्रोग्राममधल्या एका चुकीपुढे ते सगळे मिळून एकच संगणक असतात. १५ ऑगस्ट २०१० रोजी बेरजेच्या तपासणीतल्या अशाच एका चुकीतून १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन शून्यातून तयार झाले होते. एकूण २.१ कोटींच्या वर नाणी निघूच नयेत असा ज्याचा नियम, त्या चलनात. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली आणि ती साखळी मागे पडली. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा नाणी फुगवू शकणारी चूक सापडली. ती शोधून कळवणारा माणूस बिटकॉइन कॅश या प्रतिस्पर्धी चलनाचा विकासक होता. त्यानं गैरफायदा घेतला नाही, हे जाळ्याचं नशीब.

इथेरियमनं यावर वेगळा मार्ग धरला. एकच नियमावली, पण ती अमलात आणणारी सॉफ्टवेअरं अनेक, वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या संगणकीय भाषांत लिहिलेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंग सोडलं आणि इथर या आपल्या चलनाची ३२ नाणी तारण ठेवणाऱ्या व्हॅलिडेटरांच्या मतांवर साखळी चालू लागली. दोन तृतीयांश मतं पडली की ब्लॉक कायमचा पक्का होतो. ११ आणि १२ मे २०२३ ला हे पक्कं होणं थांबलं; पहिल्या दिवशी थोडा वेळ, दुसऱ्या दिवशी तासाभराहून जास्त. प्रिझम आणि टेकू ही दोन सॉफ्टवेअरं जुनी मतं तपासताना भाराखाली दबली होती. लाइटहाउससारखी इतर सॉफ्टवेअरं चालू होती, म्हणून ब्लॉक बनत राहिले आणि जाळं आपसूक सावरलं. आता सोलाना पाहा. ६ फेब्रुवारी २०२४ ला ते जाळं सुमारे पाच तास पूर्ण बंद होतं. व्हॅलिडेटर शेकड्यांनी होते, पण जवळजवळ सगळे एकाच मूळ प्रोग्रामवर. सोलानासाठी फायरडान्सर नावाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम जम्प या कंपनीनं हाती घेतलं ते याच दुखण्यावर औषध म्हणून.

अर्थात इथेरियमलाही हे सगळं साधलेलं नाही. व्यवहार प्रत्यक्ष राबवणाऱ्या सॉफ्टवेअरांत गेथचा वाटा वर्षानुवर्षं निम्म्याहून बराच जास्त राहिला. दोन तृतीयांशांहून अधिक व्हॅलिडेटर ज्या सॉफ्टवेअरवर असतील, त्यातच चूक निघाली, तर चुकीची साखळीच ‘पक्की’ होईल आणि त्यातून मागे फिरणाऱ्यांचं तारण कापलं जाईल. बहुमताच्या सॉफ्टवेअरवर राहणं म्हणजे वैयक्तिक सोयीसाठी सगळ्यांच्या माथी जोखीम मारणं. व्हॅलिडेटर चालवणाऱ्या प्रत्येकानं कमी वापराचं सॉफ्टवेअर निवडावं, असं मी आग्रहानं म्हणेन.

संगणक कुणाच्या इमारतीत आहेत, हा प्रश्न नोव्हेंबर २०२० मध्ये पुढे आला. इन्फ्युरा ही कंपनी वॉलेट आणि ॲप्सना इथेरियमचं दार उघडून देते. तिचे संगणक गेथच्या जुन्या आवृत्तीवर होते. ११ नोव्हेंबरला ते बाकीच्या जाळ्यापासून तुटले, आणि साखळी चालू असूनही असंख्य लोकांसाठी इथेरियम बंद पडलं. दोन वर्षांनी हेट्झ्नर या जर्मन होस्टिंग कंपनीनं सोलानाचे संगणक आपल्या सेवेतून काढून टाकले, तेव्हा तारण ठेवलेल्या नाण्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा एका फटक्यात गैरहजर झाला.

जोखीम एका थरातून हाकलली की दुसऱ्यात कशी शिरते, हे मेकरडाओइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. इथर तारण ठेवायचं आणि त्यावर डाय हे डॉलरच्या भावाचं नाणं काढायचं, अशी ही व्यवस्था. तारणाची किंमत घसरली तर त्याचा आपोआप लिलाव होतो. १२ मार्च २०२० ला कोविडच्या धास्तीनं बाजार कोसळले आणि इथर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. सगळ्यांना एकाच वेळी व्यवहार करायचे होते, त्यामुळे शुल्क प्रचंड वाढलं. लिलावात बोली लावणारे बहुतेक बॉट जुन्या शुल्कावरच अडकले. ज्यांचे व्यवहार पुढे सरकले, त्यांनी समोर स्पर्धक नाही हे पाहून शून्य डायची बोली लावली आणि ती जिंकली. सुमारे ८० लाख डॉलरचं तारण असं फुकट गेलं. नियम जसे लिहिले होते तसेच पाळले गेले. कुणीही काही चोरलं नाही.

व्यवस्थेत खड्डा पडला, तो नवी मेकर नाणी काढून विकून भरला. मग दक्षता म्हणून काही दिवसांतच सर्कल कंपनीचं यूएसडीसी हे नाणं तारण म्हणून स्वीकारायचं ठरलं. ते डॉलरशी बांधलेलं, म्हणजे इथरसारखं कोसळणार नाही. तेव्हाच्या परिस्थितीत तो निर्णय समंजस होता. तीन वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. यूएसडीसीमागच्या गंगाजळीतले ३३० कोटी डॉलर त्या बँकेत होते. यूएसडीसी ८८ सेंटच्याही खाली गेलं आणि त्याच्यावर टेकलेलं डायही घसरलं. अमेरिकी सरकारनं सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं, तेव्हा दोघांचा भाव सावरला. बँकांपासून मुक्त म्हणून जन्मलेलं नाणं अखेर एका बँकेच्या ठेवीदारांना सरकारनं दिलेल्या आधारावर तरलं. डाय वाईट होतं असं मी म्हणत नाही. आपलं तारण शेवटी कुणाच्या दारात जाऊन उभं राहतं, हे तळापर्यंत तपासायचं राहून गेलं होतं.

आता किल्ल्यांकडे, म्हणजे नाणी खर्च करू देणाऱ्या गुप्त संकेतांकडे, येऊ, कारण सामान्य माणसाचा पैसा बुडतो तो बहुतेक वेळा इथेच. टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजनं फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइनचा पत्ता नव्हता. त्यांतले दोन लाख नंतर सापडले. एकाच ताब्यातल्या किल्ल्यांचा धोका तिथे कळला आणि मल्टिसिग वॉलेटं रूढ झाली: अनेक किल्ल्या, त्यांतल्या ठरावीक संख्येच्या सह्या झाल्याशिवाय पैसा हलत नाही. कागदावर यासारखी निर्धोक व्यवस्था नाही.

प्रत्यक्षात मात्र वेगळं घडतं. रोनिन या गेमिंग साखळीच्या ब्रिजला, म्हणजे तिला दुसऱ्या साखळीशी जोडणाऱ्या दुव्याला, नऊ किल्ल्या होत्या, पाच सह्या पुरत. त्यांतल्या चार एकट्या स्काय मेव्हिस कंपनीकडे होत्या. पाचवी ॲक्सी डाओ या वेगळ्या संस्थेची. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये गर्दी वाढली तेव्हा डाओनं स्काय मेव्हिसला आपल्या वतीनं सही करण्याची परवानगी दिली होती. डिसेंबरमध्ये गरज संपली, परवानगी रद्द करायची राहिली. मार्च २०२२ मध्ये स्काय मेव्हिसमध्ये शिरलेल्या चोरांना पाचही सह्या एकाच घरात मिळाल्या. १,७३,६०० इथर आणि २.५५ कोटी यूएसडीसी गेले. सहा दिवस कुणाला कळलंही नाही. एका ग्राहकाला पैसे काढता येईनात, तेव्हा बोभाटा झाला. अमेरिकेच्या एफबीआयनं यामागे उत्तर कोरियाचा लाझारस गट असल्याचं सांगितलं.

मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजची गोष्ट यापेक्षा सूक्ष्म आहे, आणि आपल्या ओळखीपाळखीतल्या कित्येकांचे पैसे त्यात अडकले. १८ जुलै २०२४ ला तिच्या एका मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. सह्या करणारे सहा: पाच वझीरएक्सचे, एक वॉलेटची व्यवस्था पाहणाऱ्या लिमिनल कंपनीचा. तीन आणि एक अशा चार सह्या लागत. त्या चारही झाल्या. वझीरएक्सचं म्हणणं असं की पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही प्रत्यक्षात दुसऱ्याच मजकुरावर झाली. लिमिनलनं आपली यंत्रणा शाबूत असल्याचं सांगितलं. दोष कुणाचा या वादात मी पडत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजवर जवळपास हाच प्रकार घडला: सेफ या वॉलेटच्या एका विकासकाचा संगणक फोडून पडद्यावरचं पान बदललं गेलं, जबाबदार अधिकाऱ्यांनी पाहून सह्या केल्या आणि सुमारे १५० कोटी डॉलरचं इथर गेलं. या क्षेत्रात तोवर उघडकीस आलेल्या चोऱ्यांत ही सर्वांत मोठी.

आपल्या हाउसिंग सोसायटीत चेकवर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा सह्या लागतात, आणि ‘तुम्ही पाहिलंय ना?’ एवढं विचारून दुसरा सही ठोकतो. इथे नेमकं तेच झालं. फरक इतकाच की तिघांनाही चेक दाखवणारा माणूस एकच होता आणि तो खोटा चेक दाखवत होता. सह्या चार असल्या तरी पाहणारा डोळा एक होता. मल्टिसिगची ताकद किल्ल्यांच्या संख्येत मोजणं आता थांबवायला हवं. सही करणाऱ्या प्रत्येकानं व्यवहाराचा मजकूर वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या सॉफ्टवेअरनं उलगडून वाचला का, हा प्रश्न ग्राहकानं एक्स्चेंजला विचारावा. मोठी रक्कम लगेच न सुटता काही तास थांबून सुटेल, अशी मुदत वॉलेटच्या करारात घालणंही शक्य आहे. त्यात थोडी गैरसोय होते, तेवढी सोसावी.

महाराष्ट्रात या जोखमीची पहिली ओळख जाळ्यांच्या बिघाडातून झालीच नाही. गेनबिटकॉइन योजनेनं दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवून हजारो लोकांकडून बिटकॉइन गोळा केले. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले. तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासात हाती आलेल्या वॉलेटांतली नाणी वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. कुंपणानंच शेत खाल्ल्याचा हा आरोप. जप्त क्रिप्टो चलन कुणाच्या किल्लीखाली ठेवायचं आणि त्या किल्लीवर कुणाची नजर असायची, याची पद्धत बसवण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि ती आजही तातडीची आहे.

देशपातळीवर गोष्टी धरसोडीनं पुढे गेल्या. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवसायाशी संबंध ठेवायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर एक टक्का टीडीएस आला. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना पैशांच्या अफरातफरीविरुद्धचा कायदा लागू झाला. यातून सरकारला कर मिळतो आणि व्यवहारांचा माग लागतो. एक्स्चेंजनं ग्राहकांची नाणी स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवावीत, ती आहेत याचा पुरावा वेळोवेळी द्यावा, चोरी झाली तर नुकसान कुणी किती सोसायचं, यांवर खास कायदा मात्र झालेला नाही. कर घेणाऱ्या व्यवस्थेनं एवढी हमी द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ही उणीव वझीरएक्सच्या ग्राहकांना भोवली. पुनर्रचनेची योजना सिंगापूरच्या न्यायालयात गेली, आणि ती सगळ्यांच्या शिलकीवर नुकसान वाटून घेण्याची होती. ज्यांची नाणी चोरीला गेलेल्या प्रकारची नव्हतीच, त्यांच्याही. चेन्नईच्या एका ग्राहक महिलेकडे एक्सआरपी या चलनाची तीन हजारांहून अधिक नाणी होती. आपली नाणी इतरांच्या नुकसानीत धरू नयेत, म्हणून तिनं मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निर्णय दिला की क्रिप्टो चलन ही मालमत्ता आहे, ती उपभोगता येते आणि दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळताही येते. त्या महिलेच्या नाण्यांना अंतरिम संरक्षण मिळालं.